नवी फोर बाय फोर पिकअप, डाव्या बाजूने ‘टक्’ – कुणी ओळखेल का?

गुंजवणी
मंडळी नमस्कार.
चार महिन्यांपूर्वी डबल केबिनची नवी फोर बाय फोर पिकअप घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की ‘ही कशाला घेतलीत, ती घ्यायची’ सुरू होतं आणि प्रश्न राहतो बाजूला. वेल्ह्याकडे थोडी शेती आहे, राहायला पुण्यात, वारज्यात. आठवड्याला दोन फेऱ्या होतात. शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे आणि पावसाळ्यात तिथे फोर बाय फोरशिवाय चाक वळत नाही. म्हणजे हौस होतीच, पण गरजही होती.

साधारण दोन हजार किलोमीटरनंतर समोरून डाव्या बाजूने एक आवाज यायला लागला. खडखड नाही, करकर नाही. एकच, कोरडा ‘टक्’. लाकडी पेटीवर बोटाचं पेर आपटावं तसा. आता ४,१०० किमी झालेत आणि आवाज वाढलाय.

कधी येतो ते नीट सांगतो. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना उतार तिरका आहे, तिथे दर वेळी येतो. ड्रेनेजच्या बसलेल्या झाकणावरून एकच चाक गेलं की येतो. वेग दहा-पंधराचा. सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर अजिबात येत नाही. मोठ्या वेगात येत असेल तर ऐकू येत नाही. पावसातही तसाच येतो.

सर्व्हिस सेंटरला दोनदा गेलो. पहिल्यांदा ‘नवी गाडी आहे, सेट होईल’ म्हणाले. दुसऱ्यांदा डावी स्टॅबिलायझर लिंक (गाडी झुकू नये म्हणून असलेल्या आडव्या दांड्याचा जोड) वॉरंटीत बदलली. घरी येताना फाटकातच टक्.

आई डावीकडे पुढच्या सीटवर बसते. ती म्हणते, आवाज चाकातून नाही, माझ्या पायाखालून येतो, तळव्याला कळतो. मला मात्र चाकाकडूनच वाटतो. कुणाला असा अनुभव?

मुठाकाठ
एका चाकाला येतो, दोन्ही चाकांना येत नाही, इथेच निम्मं उत्तर आहे. पुढची दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर स्टॅबिलायझर बार नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एकच चाक वर गेलं की पीळ बसतो आणि लिंक किंवा बुश (सांध्यांतली रबरं) ढिले असतील तर आवाज करतात. डावी लिंक बदलली, उजवीचं काय? आणि बारला धरणारे डी आकाराचे बुश? आवाज बारमधून सरकत दुसऱ्याच टोकाला निघतो. उजवी बघायला सांगा.

सम्या ८९
कंपनीचे शॉकअप काढून टाका दादा. बाजारात याच्या दुप्पट चांगले मिळतात. दोन इंच लिफ्टही करून घ्या, वेल्ह्याच्या रस्त्याला उपयोगी पडेल.

अश्विनी
सम्या, आजार कळायच्या आधी ऑपरेशन नको. चार महिन्यांची गाडी आहे. आत्ता शॉकअप बदलले आणि आवाज राहिला, तर सर्व्हिस सेंटर म्हणणार, ‘तुम्ही बाहेरचं काम केलंय.’ मग वॉरंटीसाठी भांडत बसा.

गुंजवणी, तीन प्रश्न. एक, गाडीला बाहेरून काही बसवलंय का? विंच, बुलबार, इंजिनाखालचा पत्रा, काहीही. दोन, तुम्ही कोरड्या डांबरावर फोर हाय (चारही चाकांना जोर) लावून चालवता का? या गाड्यांना बहुधा मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) नसतो. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण साठत जातो आणि सुटताना दणका देतो. तीन, पुढच्या स्प्रिंगांमध्ये अजून काही अडकवलेलं आहे का बघा. काही गाड्या कारखान्यातून ट्रेलरवर पाठवताना स्प्रिंग दबू नये म्हणून ठोकळे घालतात. ते शोरूममध्ये काढायचे असतात आणि कधीकधी राहून जातात.

गुंजवणी
ताई, फोर हाय फक्त कच्च्यावर आणि चिखलात. डांबरावर टू व्हील. स्प्रिंगांत टॉर्च मारून पाहिलं, ठोकळे नाहीत. बाहेरचं काहीच नाही, फक्त साइडस्टेप. आईला चढायला उंच पडत होतं म्हणून गाडी आल्या आठवड्यातच एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून बसवून घेतली. तिचे सगळे बोल्ट हलवून पाहिले, घट्ट आहेत.

पाटेवाला सासवड
राम राम. मी अंजीर आणि सीताफळ वाहतो, माझी साधी मालाची पिकअप, तुमच्यासारखी गादीची नाही. पण मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सगळ्यांचे सारखेच. रिकाम्या गाडीत पाटे कडक असतात आणि आवाज करतात. शॅकलचा (पाट्याच्या टोकाच्या कडीचा) बुश खाल्ला असेल, यू बोल्ट ढिला असेल, पाट्यांच्या टोकाची पट्टी निसटली असेल तर टक्-टक् होतं आणि ड्रायव्हरला वाटतं पुढून येतंय. तुम्ही एक करा. हौद्यात सहा-सात पोती वाळू टाका आणि त्याच फाटकातून काढा. आवाज बदलला तर मागे बघा. नाही बदलला तर पाटे विसरा. खर्च काही नाही, नुसती पाठ दुखेल.

टेकडीवर
विषयांतराबद्दल माफी, पण स्पीडब्रेकरचा उल्लेख झाला म्हणून राहवत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे आयआरसी ९९ मध्ये, गोल गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर दिली होती, ताशी २५ किमी वेगाने आरामात ओलांडता यावा म्हणून. आपल्या गल्ल्यांत जे हातभर रुंदीचे टेंगूळ घालतात ते यात कुठेच बसत नाहीत. मी सिव्हिलचा माणूस आहे आणि मला याचा मनापासून त्रास होतो. आपल्या सोसायटीत तरी मापाने करून घ्या, सगळ्यांच्या गाड्या आणि पाठी वाचतील.

मुठाकाठ
आमच्या लेनमध्ये शंभर मीटरांत चार आहेत. मोजून पाहतो रुंदी.

अश्विनी
कात्रजच्या जुन्या घाटाकडे जाताना पट्ट्यापट्ट्यांचे आहेत ते तर दातच हलवतात. असो. पाटेवाला दादांची वाळूची कल्पना आवडली. गुंजवणी, करून बघा.

जुना मिस्त्री
मी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत ३१ वर्षं काढली. आता निवृत्त आहे. तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं, कारण आवाज कधी येतो *आणि कधी येत नाही* हे दोन्ही तुम्ही सांगितलंत. बहुतेक लोक नुसतं ‘आवाज येतो’ म्हणतात.

सर्व्हिस सेंटरला गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचलून पाहिली असणार. तिथे चाकं लोंबतात. चाक लोंबतं तेव्हा बुश, बॉल जॉइंट, आर्म सगळे वेगळ्याच जागी जातात, जमिनीवर जो ताण असतो तो तिथे राहत नाही. हाताने हलवलं की सगळं घट्ट लागतं आणि ‘काही नाही’ असा शेरा पडतो. गाडी खड्ड्यावर किंवा चढत्या रॅम्पवर घ्या, चाकं जमिनीवर असू द्या. मग डावं पुढचं चाक वीतभर लाकडी ठोकळ्यावर चढवा. एकाने गाडी हळू पुढे-मागे करावी, दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर तळहात ठेवावा. कान फसवतात, हात फसवत नाही. आम्ही लांब पेचकस घ्यायचो, टोक सांध्याला आणि मूठ कानामागच्या हाडाला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बोटं घालू नका आणि नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नका.

आणखी एक. आर्मचे रबरी बुश गाडी हवेत असताना आवळले तर ते पिळलेल्या अवस्थेत घट्ट होतात. गाडी खाली आली की कायम पिळलेले राहतात, कुरकुरतात आणि लवकर फाटतात. ते नेहमी वजन चाकांवर असताना आवळायचे. हे नियमाच्या पुस्तकात असतं, पण घाईत कुणी पाळत नाही.

सम्या ८९
काका, बुशांवर स्प्रे मारून बघितला तर? माझ्या जुन्या गाडीची कुरकुर एका फवाऱ्यात गेली होती.

जुना मिस्त्री
बाळा, गंज सोडवायच्या तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. दोन दिवस आवाज जाईल, मग बुशच जाईल. तपासायचं असेल तर साबणाचं पाणी. एका वेळी एकाच बुशावर मारायचं आणि गाडी हलवायची. ज्याच्यावर पाणी मारल्यावर आवाज थांबला तो गुन्हेगार. पण हे कुरकुरीला लागू. यांचा आवाज टक् आहे आणि पावसातही तसाच येतो, म्हणजे कोरड्या रबराचा नाही. काहीतरी धातू धातूवर आपटतोय.

वारजेकर मीनल
आमच्या गाडीत सहा महिने असाच आवाज होता. शेवटी मागच्या सीटखालचा जॅक त्याच्या कप्प्यात फिरत होता असं निघालं. नवऱ्याने दोन शॉकअप बदलले होते तोवर. आधी गाडी पूर्ण रिकामी करा, जॅक, पाने, स्टेपनी, सगळं बाहेर काढून चालवून बघा.

गुंजवणी
सगळ्यांचे आभार. दोन रविवार गेले, पण आता सांगण्यासारखं बरंच आहे.

१. मीनलताईंच्या सल्ल्याप्रमाणे गाडी रिकामी केली. जॅक, पाने, दोरखंड, शेताची कुदळ, सगळं बाल्कनीत. आवाज तसाच.

२. वाळूची पोती टाकली, अंदाजे तीनशे किलो. मागचा भाग छान बसला, चाल मऊ झाली. आवाज जराही बदलला नाही.

३. धायरीतल्या एका गॅरेजवाल्या दादांनी आपला खड्डा वापरू दिला. काकांनी सांगितलं तसं चाक ठोकळ्यावर चढवलं. टक् आला! पण चार वेळा करूनही हात कुठल्याच सांध्यावर ‘हाच’ म्हणाला नाही. बॉल जॉइंट शांत, आर्मचे बुश शांत.

४. मग दादांनी दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर लिंक काढूनच टाकल्या आणि गल्लीत पाचच्या वेगाने एक फेरी मारली. टक्.

म्हणजे मुठाकाठ, स्टॅबिलायझर निर्दोष.

मुठाकाठ
मान्य. लिंका काढून फेरी मारायची कल्पना उत्तम, भाग न बदलता भाग बाद करता आला. पण लिंका परत लावल्या ना? त्या नसताना वळणावर गाडी फार झुकते.

गुंजवणी
लावल्या, तिथेच लावल्या.

रागावलेला ग्राहक
तुम्ही एवढे कष्ट का घेताय? पैसे मोजलेत तुम्ही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका, ग्राहक आयोगात जा. कायदा २०१९ चा आहे, तो आपल्यासाठीच आहे.

अश्विनी
हक्क आहेच, आणि वेळ आली तर वापरावाच. पण आयोगातही पहिला प्रश्न हाच असेल की दोष नेमका काय. आत्ता करण्यासारखं हे आहे: पुढच्या भेटीत जॉब कार्डवर ‘समोरून आवाज’ एवढंच लिहू देऊ नका. ‘तिरक्या उतारावर, एक चाक चढताना, १० ते १५ वेगात, एकदाच’ असं लिहायला लावा आणि त्याची प्रत घ्या. तंत्रज्ञाला डावीकडे बसवा, स्वतः चालवा, ठरलेल्या फाटकातून न्या. त्याने स्वतः ऐकला तर तो मनाने शोधेल.

नट बोल्ट
उशिरा येतोय. मी चाकणला वाहनांच्या आवाज आणि कंपनाच्या चाचण्यांचं काम करतो. धागा दोनदा वाचला. सगळे चाकाभोवती शोधतायत, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला सारखं टोचतंय.

मुठाकाठ यांचा नियम बरोबर आहे. एक चाक चढलं की पीळ बसतो. पण पीळ फक्त स्टॅबिलायझरला बसत नाही. पिकअपची चासी शिडीसारखी असते, दोन लांब पट्ट्या आणि मधे आडव्या. तिच्यावर केबिन वेगळी बसवलेली, हौदा वेगळा. डावं चाक वर गेलं की ही शिडी पिळते. केबिन आणि हौदा आपापल्या परीने थोडे हलतात. दोघांमधली फट म्हणूनच ठेवलेली असते. विश्वास नसेल तर गाडी सपाट जागी उभी करून फटीत बोट घाला, मग एक पुढचं चाक ठोकळ्यावर चढवून परत घाला. फरक बोटाला कळेल.

केबिन चासीवर रबरी माउंटांवर बसते. प्रत्येक माउंटमधून एक उभा बोल्ट जातो. वर रबर, खाली रबर, मधे स्टीलची नळी आणि बोल्ट त्या नळीवर आवळलेला. तो बोल्ट ढिला झाला तर सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही, केबिनच्या वजनाने सगळं बसलेलं असतं. सरळ स्पीडब्रेकरवर सगळं एकदम वर-खाली होतं, तेव्हाही नाही. चासी पिळली की मात्र ती केबिनच्या त्या कोपऱ्यापासून किंचित सुटते आणि परत टेकते. टक्. एकदाच.

पुढचं डावं माउंट कुठे असतं? डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाखाली.

आईंनी पहिल्याच दिवशी बोट दाखवलं होतं. आवाज पत्र्यातून आणि हवेतून पसरतो, कानाला दिशा नीट कळत नाही. चाकाच्या पोकळीत तर तो घुमतो, म्हणून तुम्हाला चाकाकडून वाटला. धक्का मात्र जिथे बसतो तिथेच सगळ्यात जास्त जाणवतो. आईंचा तळवा जमिनीवर टेकलेला होता.

एक चाचणी आहे, पाना न लावता. हौद्यात तीनशे किलोने फरक पडला नाही. आता डाव्या पुढच्या सीटवर कुणी जाडजूड मित्र बसवा आणि त्याच फाटकातून काढा. मग सीट रिकामी ठेवून काढा.

पाटेवाला सासवड
हे भारी. मालगाडीतही होतं असं. माझ्या चुलत्याच्या गाडीत केबिनचं रबर गेलं होतं तेव्हा चढावर दार आपोआप घासायला लागलं. दाराच्या फटी पण बघा हो, वर-खाली सारख्या आहेत का.

जुना मिस्त्री
नट बोल्ट, शाब्बास. माझ्या डोक्यात केबिन आली नाही. आमच्या बसला केबिन वेगळी नसायची, सांगाडा एकसंध, त्यामुळे हाताला सवय नाही. हात सगळ्या सांध्यांवर फिरवायला सांगितला आणि हा एक सांगायचा राहिला.

सम्या ८९
जाडजूड मित्र म्हणून मी यायला तयार आहे. ९२ किलो. राहतो कर्वेनगरला.

गुंजवणी
सम्या आला होता! काल संध्याकाळी फाटकातून सहा फेऱ्या मारल्या, वॉचमनकाकांनी शेवटी खुर्ची बाहेर आणली.

सीट रिकामी: टक्, दर वेळी, आणि नेहमीपेक्षा मोठा.
आई बसलेली (जेमतेम ४५ किलो): टक्, पण जरा दबलेला.
सम्या बसलेला: तीन फेऱ्यांत एकदाही नाही.

हौद्यात तीनशे किलोने जे झालं नाही ते सीटवर ९२ किलोने झालं. दाराच्या फटी पाटेवाला दादांच्या म्हणण्याप्रमाणे पाहिल्या, सारख्या आहेत. फटीत बोट घालूनही पाहिलं. केबिन आणि हौद्यामधे डावीकडे बोट सहज शिरत होतं, ठोकळ्यावर चढवल्यावर नखाला अडायला लागलं. नवी गाडी एवढी पिळते हे मला माहीतच नव्हतं.

आता बुधवारी खड्ड्यावर.

नट बोल्ट
पिळणं हा दोष नाही, ती चासी तशीच असायला हवी. बुधवारी बोल्टला हात लावायच्या आधी खालून टॉर्च मारा. माउंटच्या वॉशरभोवती तांबूस भुकटी दिसते का बघा. दोन धातू एकमेकांवर बारीक घासत राहिले की गंजाची अशी भुकटी पडते. आणि आवळायच्या आधी बोल्टच्या डोक्यावरून चासीच्या ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे किती फिरला ते कळेल.

अश्विनी
आणि मी पुन्हा साइडस्टेपचा विषय काढते. काही साइडस्टेपची ब्रॅकेटं थेट केबिनच्या माउंटच्या बोल्टलाच लावतात. तुमची कशाला लावली आहेत तेही पाहा.

गुंजवणी
सापडला.

सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

खड्ड्यात उतरलो, टॉर्च मारला. डाव्या पुढच्या माउंटच्या खालच्या वॉशरची कड नव्या नाण्यासारखी चकचकीत होती. आजूबाजूला सगळीकडे वेल्ह्याचा लाल चिखल सुकलेला, आणि या एकाच ठिकाणी चिखल नाही, त्याऐवजी हळदीच्या डब्यात तिखट सांडावं तशी तांबूस भुकटी. बोटावर घेतली, अगदी बारीक, पिठासारखी.

वॉशर आणि माउंटच्या मधे साइडस्टेपचं ब्रॅकेट होतं. अश्विनीताई, तुमचा पहिल्याच दिवशीचा प्रश्न. मी ‘फक्त साइडस्टेप’ म्हणून सोडून दिलं होतं. बसवणाऱ्याने माउंटचा बोल्ट काढला, ब्रॅकेट मधे सरकवलं आणि तोच बोल्ट परत घातला. ब्रॅकेटवर जाड काळा रंग. दादांनी समजावलं, आवळला तेव्हा घट्टच असणार, पण दोन धातूंच्या मधला तो रंग धक्क्यांनी हळूहळू चेपला. रंगाचा थर चेपला तेवढा बोल्टचा ताण गेला. म्हणून आवाज पहिल्या दिवशी नव्हता, दोन हजार किलोमीटरनंतर आला. मी साइडस्टेपचे बोल्ट हलवून पाहिले होते ते बाहेरच्या बाजूचे. हा आत होता.

पिवळी रेघ ओढली आणि पाना लावला. बोल्ट जवळजवळ पाऊण फेरा फिरला, तोही मनगटाच्या जोरावर.

तरी नुसता आवळून सोडला नाही. दोन्ही बाजूंची ब्रॅकेटं काढली. उजवीकडचा बोल्टही थोडा सैल होता, भुकटीची सुरुवात तिथेही. माउंटची रबरं तपासली, फाटलेली नाहीत. बोल्ट नवे आणले, बैठक साफ केली आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या) आवळले आणि पिवळी रेघ नव्याने ओढली. उरलेले सगळे माउंट त्याच पान्याने तपासले, ते कारखान्यातले होते तसे घट्ट होते.

सम्याशिवाय, सीट रिकामी ठेवून, फाटकातून काढली. शांत. परत घेतली, परत काढली. शांत. मग आईला बोलावलं. तिने चप्पल काढून तळवा खाली टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘गेला.’

मीनल
आईंना माझा नमस्कार सांगा.

जुना मिस्त्री
फार बरं वाटलं. रात्री जेवताना घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

सम्या ८९
मला आता दर रविवारी फाटकातून फेरी नाही म्हणून वाईट वाटतंय. त्या निमित्ताने काकूंच्या हातचं थालीपीठ मिळायचं.

रागावलेला ग्राहक
मग साइडस्टेपवाल्याला सोडणार तुम्ही?

गुंजवणी
सोडलं नाही. फोटो आणि जुना बोल्ट घेऊन दुकानात गेलो. मालक समजूतदार निघाले. ज्याने बसवलं त्याला बोलावून त्याच्या हातात तो वॉशर दिला. त्यांनी साइडस्टेपचे पैसे परत केले आणि गेल्या काही महिन्यांत या पद्धतीने बसवलेल्या गाड्यांना फोन करतो म्हणाले. सर्व्हिस सेंटरलाही कळवलं. त्यांच्या सुपरवायझरने फोटो मागून घेतले. लिंक बदलली ती फुकट गेली हे खरं, पण आधी माउंटला हात कुणी लावला होता हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

टेकडीवर
आणि आईंना चढायला? साइडस्टेप गेली ना.

गुंजवणी
धायरीच्या दादांनी चासीला, केबिनच्या माउंटला न लावता, त्यासाठीच असलेल्या भोकांत बसणारी दुसरी पायरी सुचवली आहे. ती येईपर्यंत आमच्या घरचा जुना पाट हौद्यात ठेवलाय. गाडी थांबली की मी पाट काढतो, आई चढते, पाट परत हौद्यात. तिची तक्रार नाही.

मुठाकाठ
५०० किमी झाले की तो बोल्ट परत बघा आणि इथे लिहा.

अश्विनी
हो, नक्की लिहा. पुढच्या महिन्यात आमचा गट केळदकडून मढे घाटाला जातोय. सहा पिकअप आहेत. त्यातल्या चौघांना साइडस्टेप आहे. निघायच्या आधी सगळ्यांना खाली वाकून बघायला लावणार आहे.

पाटेवाला सासवड
मढे घाटाला येताय तर परत जाताना सासवडवरून या. थोडा वळसा पडेल, पण अंजिराचा बहर आहे.

गुंजवणी
५४० किमी झाले. त्यात वेल्ह्याच्या फेऱ्या, एक ताम्हिणी आणि फाटकातून रोजचं येणं-जाणं. आज खड्ड्यावर घेऊन टॉर्च मारला. चिखल सगळीकडे सारखा बसलाय, भुकटी नाही. वॉशरवरचा चिखल बोटाने पुसला. पिवळी रेघ बोल्टवरून चासीच्या ब्रॅकेटवर सरळ, जिथल्या तिथे.